नव्व्याण्णव फुगे, आणि तेही लाल?

प्रश्न असा: 'नेना' या जर्मन बँडच्या १९८३च्या '९९ लुफ्टबलॉन्स' या गाण्याच्या नावात 'लुफ्टबलॉन' (फुगा) आहे. लुफ्ट म्हणजे हवा. मग मराठीत 'हवेचे फुगे' म्हणायचं का? आणि इंग्रजीत ('९९ रेड बलून्स') ते लाल कसे झाले?

लाल आधी निकालात काढू. मूळ गाण्यात फुग्यांना रंगच नाही. 'लुफ्ट' गेल्यावर चालीत पडलेलं भगदाड इंग्रजीत 'रेड'ने बुजवलं, बस्स. हाच लाल अवतार १९८४मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत मात्र जर्मन गाणंच दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं.

आता लुफ्ट. 'लुफ्तान्सा' या जर्मन विमान कंपनीच्या नावात आहे तोच. जर्मनमध्ये नुसतं 'बलॉन' म्हटलं तर माणसं बसून उडतात तोही असू शकतो. पोराच्या हातातला तो लुफ्टबलॉन. मराठीत 'फुगा' थेट 'फुगणे'वरून आला, हवा वेगळी सांगावी लागत नाही. (तसं फुगायला हवाच हवी असं नाही. पावसाळ्यात दार फुगतं, धरणामागे फुगवटा येतो.) जत्रेतला फुगेवाला मात्र भेद करतो: तोंडाने फुगवला तो साधा, दोरा सोडताच वर पळतो तो 'गॅसचा'. गाण्यातले फुगे क्षितिजाकडे निघतात, लष्कराला ती परग्रहावरची यानं वाटतात, लढाऊ विमानं सुटतात आणि युद्ध पेटतं. गीतकार कार्लो कार्गेसला हे सुचलं १९८२मध्ये, पश्चिम बर्लिनमध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमात सोडलेले फुगे बघून. म्हणजे हिशेबाने ते गॅसचेच! पण 'गॅसचे फुगे' म्हटलं की गाण्यातली हवाच जाते. नुसते 'फुगे' ठेवा.

खरी मजा आकड्यात आहे. जर्मन म्हणतात 'नॉयन-उंड-नॉयन्त्सिश', नऊ आणि नव्वद. आपल्यासारखंच, एकक आधी. (२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल.) पण नऊ आला की आपण एरवी वजाबाकी करतो: एकोणीस, एकोणतीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. हिंदीवाले ८९ला 'नवासी' म्हणून मोकळे होतात, आपण नाही. फक्त शंभराच्या उंबरठ्यावर 'एकोणशंभर' न म्हणता नव्वदात नऊ मिळवतो. बँडने ८९ फुगे सोडले असते तर जर्मन नि मराठीची ही गाठ पडली नसती.

तेव्हा 'नव्व्याण्णव फुगे', आणि तेही अक्षरात लिहा. ९९ असं आकड्यात लिहिलंत तर वाचणारा 'नाइंटी नाइन फुगे' म्हणून पुढे जाईल.