आधी तास मोज, मग किलोमीटर

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सायकल-सफरीचा आराखडा पाहिला. चार दिवस, ३४० किलोमीटर, रोजचे सरासरी ८५. आकडे सरळ भागलेत, आणि घोळ तिथेच आहे. सामान लादलेली सायकल सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १७-१८ किलोमीटर जाते, दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेवर ९-१०, आणि उतरून ढकलावी लागली की जेमतेम ३. मोठ्या चढाला तर किलोमीटर बघूच नकोस, ताशी ३०० मीटर उंची धर. तुझ्या दुसऱ्या दिवसात २१०० मीटर चढाई आहे. म्हणजे नुसते चढायलाच सात तास! उतार, जेवण, पंक्चर, वाट चुकणं हे सगळं त्याच्यावर. त्या दिवसाचे दोन दिवस कर. पहिला दिवसही हलका ठेव, कारण सामान कुठे घासतंय, कुठे सैल होतंय हे त्याच दिवशी कळतं.

मग नकाशावर दोन गोष्टींच्या खुणा कर : पाणी मिळेल त्या जागा आणि मोठ्या रस्त्याला उतरणाऱ्या वाटा. दोन पाणवठ्यांमधलं अंतरही तासांतच लिही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पिण्यासाठी, आणि मुक्काम कोरड्या जागी असेल तर स्वयंपाक व रात्रीसाठी आणखी २ लिटर. तुटक निळी रेघ म्हणजे हंगामी ओढा. तो आटलेला आहे असंच धरून चाल. पोकळ तंतूंचा फिल्टर वापरणार असशील तर थंडीत रात्री तो अंथरुणात घे. एकदा भिजलेला फिल्टर गोठला की आतले तंतू फाटतात. बाहेरून काहीच दिसत नाही आणि पाणी गाळल्याशिवाय तसंच येतं.

टायरवर पैसे खर्च कर, बॅगांवर नंतर. २.२ इंच रुंदीचे, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले), २९ इंची चाकाला प्रत्येकी साधारण १०० मिलिलिटर सीलंट (छिद्रं आपोआप बुजवणारा द्रव). ते काही महिन्यांत सुकतं, म्हणून निघण्याआधी उघडून बघ. हवा २२ ते २८ पीएसआयच्या दरम्यान, वजन बघून. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा ३-४ जास्त. धारदार दगडाने टायरची बाजू चिरली तर सीलंटने भागत नाही. आतून जाड ठिगळ लावायचं आणि ट्यूब टाकायची. पण त्याआधी टायरच्या आत बोटं जपून फिरव. सीलंटने बुजलेले काटे तिथेच रुतलेले असतात, ते काढले नाहीत तर नवी ट्यूब दहा मिनिटांत जाईल.

ओल्या चिकणमातीला मात्र खरंच घाबर. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट डिव्हाइड या लांब पल्ल्याच्या सायकल मार्गावर, विशेषतः न्यू मेक्सिकोत, पावसानंतर अशा मातीत चाकं फिरतच नाहीत. चिखल फ्रेममध्ये दाटला असताना जोर लावून पेडल मारलं की डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ओढला जातो आणि त्याचा हँगर (त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा) मोडतो. त्यामुळे थांब, काटकीने माती खरवड, जमलं तर वाट सुकेपर्यंत बसून राहा. सुटा हँगर जवळ हवाच. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेतल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नकोस. सोबत तुझ्या चेनला बसतील असे दोन जोडदुवे (तुटलेली चेन जोडणाऱ्या कड्या) आणि ब्रेक पॅडची एक जोडी. ओल्या वाळूत रेझिनचे पॅड एखाद्या दिवसात संपू शकतात, धातूमिश्रित जास्त टिकतात.

सामान लावताना जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणात, तळाशी : हत्यारं, पाणी, खाणं. सीटमागच्या बॅगेत फक्त हलकं आणि फुगीर. तिथे वजन गेलं की ती शेपटासारखी डोलते आणि उभं राहून चढताना सायकल हातात राहत नाही. बॅगेचे पट्टे फ्रेमला जिथे टेकतात तिथे आधीच टेप लाव. पट्ट्याखाली धूळ शिरली की रंग सोलून निघतो. फोर्कवरच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) सामानाच्या पिंजऱ्यांचे बोल्ट रोज सकाळी तपास. हादऱ्यांनी ते सुटतात, आणि एखादा हरवला की पिंजरा चाकात जाऊ शकतो.

गिअरबद्दल एकच सांगतो. पुढचं चक्र ३८ दात्यांचं आणि मागचं मोठ्यात मोठं ३६ दात्यांचं असेल तर तू चढ चालतच चढशील. पुढे ३२ आणि मागे ५० घे.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होऊ लागलं तर दुर्लक्ष करू नकोस, तळहाताच्या कडेची नस दबतेय. हँडलबार थोडा वर घे, पकड बदलत राहा. गुडघा पुढून दुखला तर बहुतेक वेळा सीट खाली असते. एका वेळी ३ मिलिमीटरच वर कर.

कपड्यांची यादी ठीक आहे, फक्त नवी शॉर्ट्स तिथे पहिल्यांदा घालू नकोस.

येत्या आठवड्यात पूर्ण सामान लादून ४० किलोमीटर जा, एक रात्र बाहेर काढ आणि परत ये. मग पाच दिवसांचा नवा आराखडा पाठव, प्रत्येक टप्प्यापुढे तास आणि पाणवठे लिहून.