मुलीला हॅन्सेल-ग्रेटेलची भीती वाटते, तरी तीच गोष्ट पुन्हा का हवी असते? पुस्तक काढून टाकू का?

काढू नका. तुम्ही लिहिलंय की सात वर्षांची मुलगी चेटकिणीच्या पानावर आली की उशीत तोंड खुपसते आणि तिचे बाबा म्हणतात, ती पानं स्टेपल करून टाक. हे स्टेपल वाचलं आणि मला आमचा दादा आठवला, म्हणून लिहायला बसले.

2006 चा उन्हाळा. संध्याकाळचं लोडशेडिंग, घरात इन्व्हर्टर नाही. भाचा सहा वर्षांचा. ओसरीवर डास मारत बसलो होतो, तेव्हा मी ही गोष्ट काढली आणि कुठेही हात आखडता घेतला नाही. घरात खायला नाही म्हणून आईच पोरांना रानात सोडायचा घाट घालते, हेही सांगितलं. (ही गोष्ट छापणाऱ्या जर्मन ग्रिमबंधूंच्या 1812 च्या पहिल्या आवृत्तीत ती सख्खीच आहे. सावत्र मागाहून केली. सख्ख्या आईचं नाव खराब नको, म्हणून असणार.) पांढरे खडे, पाखरांनी टिपलेला पावाचा चुरा, साखरेच्या खिडक्यांचं घर, जाडजूड करून खायला चेटकिणीनं कोंडलेला हॅन्सेल. चेटकिणीला नीट दिसत नाही, म्हणून तो बोटाऐवजी हाड पुढे करतो. ती हाड चाचपते... एवढ्यात लाइट आले आणि पाठोपाठ दादा. "पोराच्या डोक्यात काय भरवतेस? बास. झोपा."

पोरगं रात्रीत तीनदा दचकून उठलं. पहाटे गादी ओली. तेव्हापासून गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या बारशाला, दादा चारचौघांत ऐकवतो की हिच्या गोष्टींपायी माझा मुलगा भित्रा व्हायचा. अरे, तुझ्यामुळे उठला तो! चेटकीण जिवंत ठेवून झोपायला धाडलंस त्याला. ती बिचाऱ्याच्या उशाशी रात्रभर हाड चाचपत बसली.

सकाळी मी पोळ्या लाटत होते, तर हा ओट्याला खेटून उभा. "आत्या, पुढे?" दादा अंघोळीला गेलेला. मग सांगितलं. हॅन्सेलची बहीण ग्रेटेल वेड पांघरून पेडगावला जाते : भट्टीत कसं शिरायचं मला नाही कळत, तूच दाखव. म्हातारी डोकं आत घालते, ही मागून ढकलते, लोखंडी दार लोटते आणि वर अडसर.

"कडी बाहेरून ना?"

बाहेरून.

"घट्ट?"

घट्ट.

"परत सांग." चार वेळा सांगितलं, दोन पोळ्या करपल्या. त्या रात्री ढाराढूर झोपला.

मुलांना तीच गोष्ट पुन्हा का हवी असते, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच : कडी अजून लागलेली आहे ना, ते त्यांना तपासायचं असतं. खाता येईल असं घर कुणाला नको, ते सोडा. पण या गोष्टीत एकही मोठं माणूस सोडवायला येत नाही. सबंध गोष्टभर रडणारी पोरगीच काम फत्ते करते. परतीच्या वाटेवर बदकाच्या पाठीवर दोघं एकदम बसायला निघतात, तेव्हा त्याला ओझं होईल, एकेकानं जाऊ, हेही तीच म्हणते. सात वर्षांच्या मुलीला याहून काय हवं?

आणि हिंसेचं म्हणाल, तर आमचा हाच दादा पोराला भोपळ्यातली म्हातारी मिटक्या मारत सांगायचा. वाघ तिला खायला उठलाय, ती म्हणते जाडजूड होऊन येते, मग खा. ते चालतं! चेटकीण तरी वेगळं काय म्हणते? हंपरडिंक नावाच्या जर्मन संगीतकारानं याच गोष्टीवर ऑपेरा, म्हणजे संगीत नाटक, केला. 1893 साली वायमारला पहिला प्रयोग झाला आणि जर्मनीत अजून नाताळात मुलांना तो दाखवायला नेतात. त्यात आई बरीच मवाळ केली आहे, रागाच्या भरात पोरांना स्ट्रॉबेऱ्या वेचायला पिटाळते, इतकंच. भट्टी मात्र त्यांनीही काढली नाही. तुमच्या मिस्टरांना हे सांगा. जमलं तर आमच्या दादालाही सांगा, माझं तो ऐकत नाही.

आता तुमची मुलगी दिवसासुद्धा एकटी न्हाणीघरात जात नसेल, तर थोडे महिने थांबा, सगळी पोरं सारखी नसतात. चार वर्षांच्या पोराला मीही ही गोष्ट सांगणार नाही. आणि झोपायला दहाच मिनिटं उरली असतील, तर सुरूच करू नका.

दादाचा दुसरा मुद्दा असतो की त्यानंतर पोरगं बेकरीत जाईना. साफ खोटं. गल्लीच्या टोकाला लाकडाच्या भट्टीची बेकरी होती, तिथे तो माझ्याबरोबर त्याच आठवड्यात आला होता. भट्टीच्या दाराकडे बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "काका, हे आतून उघडतं का?"

"नाही रे बाबा."

"मग एक लादी द्या."