मनूच्या प्रश्नाला उत्तर

मनू,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, तू बाबांना एकदाच भेटून लग्नाला हो म्हणालीस, आणि मी चार वर्षं ओळखतेय त्या नोआबरोबर आधी राहून बघते म्हटलं तर तू गप्प का झालीस?" लागलं मला, कारण प्रश्न बरोबर आहे. तेव्हा काही सुचलं नाही म्हणून आता लिहितेय.

तुझी बेबीआजी, म्हणजे माझी मावशी, तिला सांगलीच्या घरी बघायला आले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. माईआजीने पोहे केले, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, मावशी ट्रे घेऊन आली, मुलाच्या आत्याने तिला पेपर वाचायला लावला आणि मग जरा दारापर्यंत चालून दाखव म्हणाली. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. पत्रिकेत 36 पैकी 28 गुण जुळलेले, अण्णा खूश, दोघांना पाच मिनिटं गच्चीवर बोलायलासुद्धा पाठवलं नाही कोणी. वर्षाच्या आत मावशी परत आली. ट्रंक माजघरातल्या कॉटखाली सरकवली, कोणी काही विचारलं नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला ती आत कैरी किसत बसायची, आंबेडाळ, पन्हं सगळं तिच्या हातचं, पण बाहेर बायकांत यायची नाही आणि माईही तिला ये म्हणायची नाही. तुला ती फक्त दिवाळीला चकल्या पाठवणारी आजी म्हणून माहितीये.

त्यामुळे आमचीच पद्धत चांगली असं छातीठोकपणे मी नाही म्हणू शकत. पण इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात बाबांची नोकरी गेली, आमची भयंकर भांडणं व्हायची, तेव्हा अण्णा दर आठवड्याला फोन करून आम्हा दोघांशी वेगवेगळं बोलायचे, लग्न दोन घरांनी ठरवलं होतं म्हणून निस्तरायची जबाबदारीही त्यांना आपली वाटायची. तुमचं बिनसलं तर असा फोन कोण करणार, ही माझी खरी काळजी आहे. लोक काय म्हणतील हे पण आहे थोडं, खोटं कशाला बोलू.

अजून एक, व्यवहाराचं. ऑन्टारियोत सलग वर्षभर एकत्र राहिलात की टॅक्सवाले तुम्हाला जोडपं धरतात, पण वेगळं व्हायची वेळ आली तर लग्न झालेल्यांसारखी मालमत्तेची वाटणी आपोआप होत नाही. भाड्याच्या करारावर दोघांची नावं घाला आणि मोठी खरेदी कोणी केली ते लिहून ठेवा. हे नोआवर अविश्वास म्हणून नाही सांगत, बाबांच्या आणि माझ्या घराच्या कागदांवरही दोघांची नावं आहेत.

आणि नाहीच जमलं तर सरळ घरी यायचं, आणि आलीस की सगळ्यांमध्ये बसायचं, पुढच्या खोलीत, कोण आलंय न बघता.

माईआजीला मी सांगेन, तू घाई करू नकोस, आधी तिला नोआचा आवाज तरी ऐकू दे फोनवर. शिफ्टिंगला बाबा येतायत, किती वाजता ते त्यांना मेसेज कर. डब्यात खिचडी देतेय, नोआला तिखट किती चालतं?

आई