वाचकांचे प्रश्न : चुरचुरणारे डोळे आणि गळणारा ग्लास

प्रश्न : दिवसभर संगणकावर हिशेबाचं काम असतं. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, लांबचं पुसट दिसतं. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : त्यावर पैसे घालवू नका. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात अशा काचांनी डोळ्यांचा ताण साध्या काचांपेक्षा कमी होतो असं दिसलं नाही. चुरचुरीचं मूळ पापण्यांत आहे. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लवते. स्क्रीनवर नजर खिळली की निम्म्याहूनही कमी, तीही बऱ्याचदा अर्धवट. अश्रूंचा थर वाळतो. म्हणून पंख्याचा, एसीचा झोत तोंडावर नको. स्क्रीन हातभर, ५० ते ७० सेंमी लांब ठेवा आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. नजर खाली राहिली की डोळा कमी उघडा राहतो.

पुसट दिसतं ते डोळ्यातला स्नायू जवळच्या अंतरावर आखडून राहिल्यामुळे. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहा. उजेडासाठी स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा : स्क्रीन दिव्यासारखी झळकली तर ब्राइटनेस उतरवा, करडी वाटली तर चढवा. चाळिशी लागली असेल तर स्क्रीनचं अंतर टेपनं मोजून चष्म्याच्या तपासणीला जा. बायफोकलचा वाचायचा भाग खाली असतो, त्यातून स्क्रीन पाहायला हनुवटी उचलावी लागते आणि मान धरते. दृष्टी अचानक कमी झाली किंवा डोळा लाल होऊन ठणकला तर मात्र हे उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ब्लेंडर या थ्रीडी अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्लासात पाणी ओतते आहे. पाणी जेलीसारखं संथ हलतं आणि काचेतून गळतं. रिझोल्यूशन (हिशेबाच्या जाळीची बारकाई) ६४ आहे. (अॅनिमेशनची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : संथपणा हा मापाचा दोष. ब्लेंडर उघडल्यावर समोर येणारा ठोकळाच २ मीटरचा असतो; त्याच्याशी जुळवून केलेला ग्लास माणसाहून उंच होतो. १० सेंमीवरून पडायला पाण्याला ०.१४ सेकंद लागतात, २ मीटरवरून ०.६४. डोळा हा फरक लगेच पकडतो. ग्लास १२ सेंमीचा करा, डोमेनही (पाण्याचा हिशेब जिच्या आत होतो ती पेटी) त्याच प्रमाणात लहान करा आणि दोन्हींचं स्केल ‘अप्लाय’ करा, म्हणजे नवं माप पक्कं होतं. ते शक्य नसेल तर टाइम स्केल (पाण्याच्या हालचालीचा वेग) ४च्या आसपास न्या.

गळतीचं कारण वेगळं. ब्लेंडरमध्ये पाण्याचा हिशेब करणाऱ्या मँटाफ्लोच्या फ्लिप पद्धतीत पाण्याची गती कण वाहून नेतात, पण दाबाचं गणित चौकटींच्या जाळीवर सुटतं. डोमेनची लांब बाजू ४० सेंमी असेल तर ६४ रिझोल्यूशनला एक चौकट ६.२५ मिमीची. ३ मिमीची काच तिला दिसतच नाही! रिझोल्यूशन २५६ केलं तर चौकट १.६ मिमीची होते, पण चौकटी ६४ पट. रॅम तिथेच दम तोडते. त्यापेक्षा डोमेन २० सेंमीपर्यंत आवळा आणि १२८वर चालवा, चौकट तेवढीच मिळते. अडथळा म्हणून बाहेरून जाड केलेला दुसरा ग्लास ठेवा आणि तो रेंडरमधून (अंतिम चित्रातून) लपवा. धार जोरात असेल तर टाइमस्टेप्सही (एका फ्रेममधले हिशेबाचे टप्पे) वाढवा.

रेंडर करताना पाणी आणि काच यांत फट राहिली तर तिथे चंदेरी कडी दिसते. पाण्याचा पृष्ठभाग काचेत केसभर घुसू द्या. अपवर्तनांक पाण्याला १.३३, काचेला १.५.