फी झेपत नाही, पण कॉलेज तेच हवंय

अगं, तुझा मेसेज वाचला, इंजिनिअरिंगला स्वस्तातलं कॉलेज मिळतंय तरी तुला ते फी न झेपणारं महागडंच हवंय, आणि वाचताना वाटलं की तुझं मनातून ठरलंय, फक्त माझा होकार हवाय. तो एवढ्यात देत नाही.

आधी सांग, तुला आवडलंय काय, ब्रांच की कॉलेज? दोन्हीकडे तीच ब्रांच मिळत असेल आणि फरक नुसता नावाचा नि कॅम्पसचा असेल तर मी डोळे झाकून स्वस्तातलं घे म्हणेन. पण स्वस्तातल्या कॉलेजात भलतीच ब्रांच मिळतेय, चार वर्षं रेटत न्यावी लागेल अशी, तर मग जास्त पैसे घालायचा विचार करू. आणि पहिल्या वर्षानंतर ब्रांच बदलेन ह्या भरवशावर तर अजिबात राहू नकोस, बदलायला मिळालीच तरी जागा मोजक्या असतात आणि त्यांच्यावर सगळ्या वर्गाचा डोळा असतो.

आता लोन. घरी सगळे फी किती एवढंच बघतात, पण हिशोब करून बघ. दर वर्षाच्या सुरुवातीला 100 असे चार वर्षांत 400 घेतलेस, 10 टक्के चक्रवाढ व्याज धरलं आणि शिकताना काहीच फेडलं नाही, तर डिग्री संपेपर्यंत ते 510 झालेले असतात, पुढे 10 वर्षं हप्ते भरलेस की एकूण जातात जवळजवळ 810. म्हणजे दुप्पट! शिकता शिकता नुसतं व्याज भरत राहिलं तरी बराच फरक पडतो, पण ते भरणार कोण ते आईबाबांशी आधी बोलून घे. हॉस्टेल, मेस, येण्याजाण्याचा खर्च फीच्या कागदावर नसतो, तो वेगळा धर. स्कॉलरशिप देतो म्हणाले असतील तर ती दर वर्षी किती मार्क पडले की चालू राहते हे लेखी माग, तोंडी नको.

प्लेसमेंटच्या पगाराचं अॅव्हरेज बघून भुलू नकोस. दहा जणांत नऊ जणांना 4 आणि एकाला 44 मिळाले तरी अॅव्हरेज 8 येतं, आणि तू बहुतेक त्या नऊ जणांत असशील (राग मानू नकोस, मीही तिथेच असतो). मीडियन विचार, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येतो तो, आणि किती जण बसले नि किती जणांना नोकरी लागली तेही. पुढे बाहेरच्या देशात जायचं डोक्यात असेल तर अॅक्रेडिटेशन (दर्जा तपासून दिलेली मान्यता) कॉलेजचं नाही, तुझ्या कोर्सचं बघ, कारण 1989 च्या वॉशिंग्टन अकॉर्डवाले, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या करारातले देश कोर्सच बघतात.

आणि जमलं तर दोन्हीकडे जाऊन ये. गेटवरची बाग नको, लॅब बघ. मशीनवर कव्हर घातलेलं आहे का, शेजारच्या लॉगबुकात शेवटची एंट्री कधीची आहे, वर्षभरापूर्वीची असेल तर समज काय ते. तिसऱ्या वर्षातली मुलं गाठ आणि कॉलेज कसंय असं विचारू नकोस, गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला काय केलंत ते विचार, गप्प बसली तर तेही उत्तरच.

महागडं कॉलेज जे देतंय आणि स्वस्तातलं देत नाही असं काय आहे ते एका कागदावर लिही, "वातावरण भारी" सोडून. दोन-तीन ठोस गोष्टी निघाल्या तर बाबांशी लोनबद्दल मी स्वतः बोलतो. नाही निघाल्या तर स्वस्तातल्या कॉलेजची सीट कन्फर्म करायची शेवटची तारीख आजच बघून ठेव, ह्या घोळात ती चुकायला नको.