शरीर हा विषय, आणि हातातलं कसब

सप्रेम नमस्कार,

मुलगी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे, पुढचं सगळं काम माणसाच्या शरीरावरच करणार म्हणते, खोलीत स्वतःच्या हातापायांचे साचे घेत बसते आणि त्यावरून घरात अबोला धरलाय, असं तुम्ही लिहिलंत. हे शोभतं का आणि यावर पोट भरेल का, हे तुमचे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. समोर मॉडेल बसवून न्यूड स्टडी, म्हणजे नग्न शरीराचा चित्राभ्यास, करणं हा कलाशिक्षणाचा जुनाच भाग आहे. वजन कोणत्या पायावर पडलंय, खांदा किती झुकलाय हे टिपताना विद्यार्थ्याला लाजायला सवडच नसते. मला काळजी वाटते ती नुसते फोटो बघून शरीर काढणाऱ्या मुलांची.

आता पोटाचं. गेल्या पन्नासएक वर्षांत शरीर हे चित्रात काढायची गोष्ट न राहता कामाचं साहित्यच झालं. शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी स्वतःच्या अंगाचे साचे घेऊन लोखंडाची 100 माणसं ओतली. ती इंग्लंडमधल्या एका किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. कलाकार मार्क क्विन यांनी 1991मध्ये स्वतःच्या डोक्याच्या साच्यात स्वतःचंच सुमारे साडेचार लिटर रक्त गोठवलं. (एका दिवसात काढलेलं नव्हे, महिनोन्‌महिने साठवलेलं!) कलाकार मोना हातूम यांनी 1994च्या कामात एंडोस्कोपीचा, म्हणजे डॉक्टर शरीराच्या आत बघायला वापरतात तो, कॅमेरा स्वतःच्या शरीरात फिरवला.

ही नावं मोठी, आणि गॅलरीच्या भरवशावर घर चालवणारे मोजकेच. पण शिल्पकार रॉन म्यूक बघा. मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी आणि सिनेमासाठी बाहुल्या करता करता त्यांचा हात तयार झाला. वडिलांच्या मृतदेहाचं मीटरभर लांबीचं, केसांसकट हुबेहूब शिल्प त्यांनी केलं ते त्यानंतर, 1996-97मध्ये. शरीर हाच विषय असलेल्या कलाकार किकी स्मिथ यांनी तर 1985मध्ये रुग्णवाहिकेवरच्या आपत्कालीन सेवेचं प्रशिक्षण घेतलं होतं.

म्हणून मुलीला विषय बदलायला सांगू नका; त्याच विषयातलं एक कसब पक्कं करायला सांगा. सिलिकॉनचं काम, सिनेमासाठीचं प्रोस्थेटिक्स (नटांना लावायचे नकली अवयव), ॲनिमेशनमधलं कॅरेक्टर मॉडेलिंग (पात्रांची शरीरं घडवणं), नाहीतर वैद्यकीय चित्रण. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय चित्रणाचा विभाग 1911पासून आहे, म्हणजे हे काही कालचं खूळ नाही. चारही ठिकाणी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, लागतेच, आणि ती शिकायला मुलीचं हेच वय योग्य.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. प्रेक्षकांसमोर स्वतःच्या शरीरानिशी परफॉर्मन्स करणाऱ्या कलाकार मारिना अब्रामोविच 1974मध्ये नेपल्सला 6 तास नुसत्या उभ्या राहिल्या. टेबलावर 72 वस्तू होत्या आणि त्या अंगावर कशाही वापरायची प्रेक्षकांना मुभा होती. वस्तूंत पिस्तूलही होतं, आणि प्रकरण ते त्यांच्यावर रोखण्यापर्यंत गेलं. मुलीला परफॉर्मन्स करायचाच असेल तर वेळ आधी ठरवावी, आणि थांबवायचा अधिकार असलेलं विश्वासाचं माणूस जवळ असावं.

त्याआधी एक तातडीचं काम. साचे कशात घेतेस, हे तिला आजच विचारा. प्लॅस्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं. जाड थरात हात अडकला तर गंभीर भाजतं, बोटंही जाऊ शकतात. त्वचेवर थेट साचा घ्यायला, दातांचे डॉक्टर माप घेताना वापरतात ते अल्जिनेट असतं. हे तिला आधीच ठाऊक निघालं, तर अबोला तुम्हीच सोडा.