जहाजावर सलग चार-पाच दिवस जमीन दिसत नाही, तेव्हा माणसे दिवसभर करतात तरी काय?

आपल्या सासू-सासऱ्यांना सॅन फ्रान्सिस्कोहून हवाई बेटांना जाऊन परत येणाऱ्या पंधरा दिवसांच्या क्रूझवर पाठवण्याचा आपला विचार आहे, आणि त्यांतले आठ-नऊ दिवस निव्वळ पाण्यावर जाणार असल्यामुळे दोघे कंटाळतील की काय, अशी शंका आपण विचारली आहे. नेमकी हीच सफर काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी आणि माझ्या पत्नीने केली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला अभियंता, राहणार सांगलीचा. मुलगी सॅन होजेला असते, आणि तिनेच हा बेत ठरवला. तोपर्यंत माझा समुद्रप्रवासाचा अनुभव म्हणजे गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच, एवढाच होता.

आधी अंतराचा अंदाज देतो. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू हे अंतर सुमारे २,१०० सागरी मैल, म्हणजे जवळपास ३,९०० किलोमीटर आहे, आणि जहाज ताशी अठरा-एकोणीस सागरी मैलांच्या वेगाने, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्या रस्त्यावरच्या एस.टी.पेक्षाही सावकाश जाते. त्यामुळे जाताना चार पूर्ण दिवस आणि येताना त्याहून थोडे अधिक असे समुद्रावर काढावे लागतात. वाटेत एकही बेट नाही. दुसरे जहाज दिसले तर लोक जेवणाच्या टेबलावरून उठून खिडकीशी जातात.

पहिल्या दोन दिवसांबद्दल खरे सांगायचे तर ते फारसे सुखाचे नव्हते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, वारा बोचरा असतो, पोहण्याच्या तलावाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि जहाज डुलते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशांच्या परांसारखी स्थिरक पाती असतात, त्यामुळे डोलणे पुष्कळ कमी होते; पण कमी होते म्हणजे थांबते असे नव्हे. पत्नीने सुंठेच्या वड्या नेल्या होत्या, त्या उपयोगी पडल्या. खोली घेताना जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तिथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीचा मोह ज्येष्ठांनी टाळलेला बरा, असे माझे मत आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी डेकवर गेलो तर हवा एकदम बदललेली होती. स्वेटर तिथेच काढला आणि तो पुन्हा घातला तो थेट परतीच्या प्रवासात.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. रोज रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचा छापील कार्यक्रम येऊन पडतो आणि तो पाहिला की कंटाळ्याची नव्हे, दमछाक होण्याची भीती वाटते. सकाळी व्यायाम, मग व्याख्यान, मग हुला नृत्याचा वर्ग, उकुलेले या छोट्या चार तारांच्या वाद्याचा वर्ग, पत्त्यांचा ब्रिज, विणकाम करणाऱ्यांची बैठक, प्रश्नमंजूषा, बिंगो, प्रवाशांचेच गायनवृंद, दुपारचा चहा, संध्याकाळी वाद्यवृंद आणि रात्री नाट्यगृहात दोन खेळ. यांपैकी चित्रांचे लिलाव, दागिन्यांची ‘माहितीपर’ व्याख्याने आणि सौंदर्यप्रसाधनांची प्रात्यक्षिके ही विक्रीची दुकाने आहेत, हे ओळखून ती सरळ वगळावीत. बिंगोलाही वेगळे पैसे पडतात.

उकुलेलेच्या वर्गाला मी केवळ पाऊस होता म्हणून जाऊन बसलो आणि मग एकही दिवस चुकवला नाही. हे वाद्य आपण हवाईचे समजतो, पण त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे आहे. १८७९ साली उसाच्या मळ्यांवर काम करायला आलेल्या मजुरांबरोबर ते होनोलुलूला पोहोचले. त्याच्या नावाचा अर्थ ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात, आणि शिकवणाऱ्या बाईंची बोटे पाहिल्यावर तो पटतो. वाद्ये जहाजाकडूनच मिळत. आम्ही साठ-सत्तर म्हातारे एकाच वेळी तीन सूर वाजवत असू आणि ते तीनही वेगवेगळ्या वेळी लागत. परतीच्या प्रवासात आमचा चक्क जाहीर कार्यक्रम झाला, ज्याला श्रोते म्हणून मुख्यतः आमच्याच बायका आणि नवरे होते.

पत्नीचा मान मात्र फुलांच्या वर्गात होता. हवाईत पाहुण्यांच्या गळ्यात घालतात त्या माळेला ‘लेई’ म्हणतात, आणि ती ओवण्याचा वर्ग जहाजावर असतो. खरी फुले नव्हती, कापडाची होती, त्यांत आपल्या चाफ्यासारखीही होती. इतर बायका लांब सुई हातात कशी धरायची हे शिकत असताना, चाळीस वर्षे गजरे ओवलेल्या हातांनी पंधरा मिनिटांत दोन माळा तयार केल्या. दुसऱ्या दिवसापासून दोन अमेरिकन आजीबाई तिच्याच शेजारी जागा धरून बसू लागल्या. तिचे इंग्रजी बेताचे आहे, पण त्या तासाला त्याची अडचण कधी आली नाही.

तरीही माझे निरीक्षण असे की छापील कार्यक्रमावर लोक पहिले दोन-तीन दिवसच तुटून पडतात. त्यानंतर प्रत्येकाचा आपापला नेम बसतो आणि खरा वेळ त्यातच जातो. ग्रंथालयाशेजारच्या टेबलावर एक हजार तुकड्यांचे चित्रकोडे मांडून ठेवलेले असे. त्याला मालक कोणी नव्हता. येणारा-जाणारा उभ्या-उभ्या दोन तुकडे लावी, आणि आकाशाचा निळा भाग कोणीच हाती घेत नसे. प्रश्नमंजूषेला सहा-सहा जणांचे गट ठरून गेले होते आणि एखाद्या देशाच्या राजधानीवरून निवृत्त न्यायाधीशासारखी दिसणारी माणसे हातघाईवर येत. आणखी एक जागा म्हणजे कपडे धुण्याची खोली. आगीच्या भीतीने खोलीत इस्त्री वापरायला बंदी असते, त्यामुळे आमच्या जहाजावर प्रत्येक मजल्यावर यंत्रे आणि इस्त्र्या असलेली एक सामायिक खोली होती. नाट्यगृहात जेवढ्या ओळखी झाल्या नाहीत तेवढ्या तिथे, यंत्र थांबण्याची वाट पाहताना झाल्या. आपल्याकडच्या सार्वजनिक नळाची जागा तिथे या खोलीने घेतली होती, असे म्हणायला हरकत नाही.

माझा स्वतःचा नेम दुपारी बारा वाजता सुरू होई. त्या वेळी कप्तान ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे अक्षांश-रेखांश, वारा, तापमान आणि खालच्या पाण्याची खोली सांगत. मी ते वहीत टिपून घेई. खोली पाच हजार मीटरच्या आसपास असल्याचे ऐकून पत्नीने पुन्हा सांगू नका म्हणून बजावले. अक्षांश मात्र रोज चार-साडेचार अंशांनी उतरत होता आणि त्यातून मला एक उद्योग सापडला. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाइतकीच असते, आणि हात ताठ धरला तर मूठ सुमारे दहा अंश व्यापते. निघालो त्या रात्री ध्रुव जवळजवळ चार मुठींवर होता. हवाईतले हिलो बंदर जवळ आले तेव्हा दोन मुठींवर. जहाजाचे दिवे फार प्रखर असतात, म्हणून पुढच्या टोकाकडची अंधारी जागा शोधावी लागते. तिथे तिसऱ्या रात्री दक्षिणेला अगस्त्य दिसला. सॅन फ्रान्सिस्कोहून तो क्षितिजाच्या वर येतच नाही. आम्ही खाली सरकत गेलो म्हणून तो उगवला. गच्चीवरून लहानपणापासून पाहिलेला तारा भर प्रशांत महासागरात भेटल्यावर मला जे वाटले, ते उत्तरात लिहिण्यासारखे नाही.

होनोलुलू आणि आपले नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, दोन्हींचा एकवीसच्या थोडा पुढे. हे मला त्या वहीमुळेच ध्यानात आले. जहाजावरच्या व्याख्यात्यांनी होकुलेआ नावाच्या जोडनौकेची हकिगत सांगितली. १९७६ साली ती नौका कोणतेही आधुनिक उपकरण न वापरता, मायक्रोनेशियातील माऊ पियाइलुग या नावाड्याच्या ताऱ्या-लाटांच्या ज्ञानावर हवाईहून दक्षिण प्रशांतातल्या ताहिती बेटाला पोहोचली होती. होकुलेआ हे ज्या ताऱ्याचे हवाईयन नाव, तो आपला स्वाती. तो हवाईच्या माथ्यावरून जातो, म्हणूनच घरी परतणाऱ्या दर्यावर्दींना तो खुणेचा; आणि अक्षांश तोच असल्याने तो मुंबईच्याही अगदी माथ्यावरून जातो. व्याख्यान संपल्यावर हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतले.

दिवसाची लांबीही जहाजावर स्थिर नसते. हवाईची वेळ हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या दोन तास मागे असते, त्यामुळे जाताना दोन रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात आणि पंचवीस तासांचे दिवस मिळतात. येताना तेच दोन तास परत द्यावे लागतात, आणि त्या सकाळी न्याहारीला निम्मी माणसे चिडलेली असतात. वार कोणता हे विसरायला होते, म्हणून लिफ्टमध्ये वाराचे नाव विणलेला गालिचा अंथरलेला असतो आणि तो रोज मध्यरात्री बदलतात. भारतात फोन करायचा तर साडेपंधरा तासांचा हिशेब करावा लागे. उपग्रहावरचे इंटरनेट महाग होते आणि रेंगाळत चाले. आम्ही मुलीला दिवसातून एक निरोप पाठवून मोकळे होत असू.

जेवणाची काळजी आपल्याला असणारच. शाकाहारी असल्याचे तिकीट काढतानाच कळवून ठेवावे. आम्हाला मुख्य वाढपी आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा मेनू आणून दाखवीत आणि त्यातून काय करायचे ते ठरे. आमच्या टेबलावरचा तरुण वेंगुर्ल्याकडचा निघाला. दुसऱ्याच दिवशी तो पत्नीला म्हणाला, “काकू, उद्या वरण-भात करूक सांगतंय,” आणि वरण खरोखरच आले, फक्त त्यात लसूण जरा सढळ होता. क्रूझ जहाजांवर कोकण आणि गोव्यातली पुष्कळ मुले असतात. सहा ते नऊ महिन्यांचा करार, त्या काळात आठवड्याची सुट्टी नाही, तिघांत-चौघांत नव्हे पण दोघांत एक खिडकी नसलेली खोली, आणि रात्री काम संपल्यावर घरी फोन. आम्ही ज्याला पंधरा दिवसांची करमणूक म्हणत होतो ती त्याची पाळी होती, हे त्याच्याशी बोलल्यावाचून कळले नसते. जहाज हिलोला लागले तेव्हा तो किनाऱ्यावर अडीच तास उतरला होता आणि त्यातला बराच वेळ त्याने फुकटचे वायफाय असलेल्या एका दुकानाबाहेर बसून काढला.

माझ्या व्यवसायामुळे मला जहाजाचे पोट पाहण्याची उत्सुकता होती. इंजिनघर दाखवत नाहीत, पण एका अधिकाऱ्याच्या भाषणात पुष्कळ कळले. अशा जहाजावर डिझेल इंजिने जनित्रे फिरवतात, त्यांच्या विजेवर प्रचंड मोटारी जहाज ढकलणारे पाण्याखालचे पंखे फिरवतात, आणि उरलेल्या विजेवर हे सगळे गाव चालते. एकूण क्षमता पन्नास-साठ मेगावॉटच्या घरात जाते. पिण्याचे पाणी समुद्राच्याच पाण्यापासून, काही इंजिनांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून आणि काही गाळण-पडद्यांतून दाबाने ढकलून, जहाजावर तयार होते. इतक्या बंदिस्त जागेत पोटाचा संसर्ग झपाट्याने पसरतो आणि त्या विषाणूवर हाताला लावायचे जेल पुरेसे पडत नाही, म्हणून जेवणघराच्या दाराशी साबणाने हात धुवायला लावतात. ते वृद्धांनी कटाक्षाने पाळावे.

बेटांवरचे चार दिवस मी इथे लिहीत नाही, कारण आपला प्रश्न पाण्यावरच्या दिवसांचा आहे. एवढेच सांगतो की फेब्रुवारीत हवाईतल्या माऊई बेटाच्या आसपासच्या समुद्रात अलास्काकडून पिलांना जन्म द्यायला आलेले कुबड्या देवमासे असतात, आणि ते जहाजाच्या कठड्यावरूनही दिसतात. त्या दिवशी उकुलेलेच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंखेरीज कोणी नव्हते.

कंटाळलेली माणसेही मी पाहिली. दर वेळी कोणीतरी आपल्याला रिझवावे, अशी अपेक्षा घेऊन आलेली ती माणसे होती. पाचव्या दिवसापासून ती जेवणाला नावे ठेवू लागली. आपले सासरे घरी दुपारभर काय करतात, याचे उत्तर आपल्याला ठाऊक असेल, तर ते जहाजावर काय करतील हेही त्यातच आहे. वाचत असतील तर मराठी पुस्तके सोबत द्या, कारण जहाजावर ती मिळणार नाहीत. पत्त्यांचा जोडही द्या. आम्ही दोघांनी बदाम सात इतके खेळलो की शेजारच्या टेबलावरच्या ऑस्ट्रेलियन जोडप्याने तो शिकून घेतला.

शेवटी एक कामाची गोष्ट. परदेशात नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेच्या दोन बंदरांदरम्यान नुसती प्रवासी वाहतूक करता येत नाही, असा त्यांचा १८८६ सालचा कायदा आहे. म्हणून ही सगळी जहाजे परतताना वाकडी वाट करून मेक्सिकोतल्या एन्सेनाडा बंदराला लागतात, काही वेळा केवळ काही तासांसाठी आणि तेही संध्याकाळी. याचा अर्थ आपले सासू-सासरे कागदोपत्री अमेरिका सोडून पुन्हा आत येणार. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे आणि परतीच्या तारखेनंतरही वैध आहे, हे तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्या.